शेजारच्या खाटेवर उतरलेली कृपा

देवावर मी कधी रागावले नाही. दुखणं आलं तेव्हाही नाही. पण त्याने माझ्या डोळ्यांदेखत दुसरीवर कृपा केली, ती मात्र मला सोसली नाही. हे लिहायला हात धजत नव्हता. गुरुवारी आमच्या दत्ताच्या देवळात आरती झाली की बायका आपापले अनुभव सांगतात. माझ्या आजारपणाचा अनुभव मीही सांगितला आहे, पण निम्माच. नळी कशी सुटली आणि जीव कसा वाचला, एवढंच. त्याच्या आधी मी काय केलं होतं ते गाळून टाकलं. ऐकणाऱ्या बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं, एकीने माझ्या पायांना हात लावला, आणि मला तिथून उठून जावंसं वाटलं. तो गाळलेला भाग आज लिहिते आहे.

आमचं गाव वडगावच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला. तीस वर्षं मी बालवाडी चालवली, म्हणून गावात मला सगळे बाई म्हणतात. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी मला क्षय झाला होता. गोळ्या चालू होत्या, आणि सासूबाई दत्ताला नवस बोलल्या होत्या. मी बरी झाले. तेव्हापासून गुरुवार चुकवला नाही. देऊळ झाडायचं, पाणी भरायचं, पादुका धुवायच्या, बायकांना पोथी वाचून दाखवायची, त्यातलं अवघड असेल ते सोपं करून सांगायचं. हे करता करता माझ्या मनात एक गोष्ट नकळत पक्की होत गेली, की माझं आणि देवाचं जवळचं आहे. नुसतं जवळचं नाही, इतरांपेक्षा जवळचं. हे मी कुणाला कधी बोलून दाखवलं नाही, पण एखादीच्या घरी चांगलं काही झालं की मनात यायचं, हिने असं काय केलं देवाचं?

त्या गुरुवारी मी पाण्याची बादली घेऊन देवळाच्या पायऱ्या चढत होते. चौथ्या की पाचव्या पायरीवर डाव्या कुशीत कळ आली. सुरी खुपसावी आणि तशीच आत ठेवावी, अशी. बादली खाली ठेवली आणि श्वास घ्यायला गेले तर तो अर्ध्यावरच अडला. तोंड उघडं, छाती वर येते आहे, पण आत काही जात नाही. पुजाऱ्यांनी आमच्या यांना बोलावलं, शेजाऱ्यांची गाडी काढली आणि मला लोणावळ्याला एका दवाखान्यात आणलं. छातीचा फोटो काढला. डॉक्टरीणबाई माझ्या मुलाच्या वयाच्या असतील. त्यांनी यांना तो उजेडावर धरून दाखवला. जुन्या क्षयाचा व्रण होता, त्याच्या कडेला फुप्फुसावर फुगा धरला होता आणि तो फुटला होता. फुप्फुसातली हवा बाहेर येऊन बरगड्यांच्या आत साठली होती. तिच्या दाबाने फुप्फुस पार आकसून मुठीएवढं झालं होतं. आता छातीत नळी घालून ती हवा काढायची, दुसरा इलाज नाही, असं त्या म्हणाल्या.

मला अर्धवट बसवून डावा हात डोक्यावर घ्यायला लावला. काखेच्या खाली गार औषधाने पुसलं, मग बधिर करायची सुई टोचली, एकदा नाही, चार-पाच वेळा, प्रत्येक वेळी थोडी खोल. नंतरचं दुखणं टोचण्याचं नव्हतं, रेटण्याचं होतं. दोन बरगड्यांच्या मधून कुणीतरी बोट आत घालून वाट करतं आहे, हे कळत होतं. मग नळी आत शिरली आणि फुस्स असा आवाज आला, पुन्हा एकदा, आणि माझा श्वास खाली उतरला. तो किती गोड होता ते सांगता येणार नाही. नळीला टाके घातले, चिकटपट्ट्या लावल्या आणि तिचं दुसरं टोक खाटेखाली ठेवलेल्या बाटलीला जोडलं. बाटलीत पाणी होतं. छातीतली हवा नळीतून येऊन त्या पाण्यातून बुडबुडे होऊन बाहेर पडायची, आणि पाणी मध्ये असल्यामुळे बाहेरची हवा आत शिरू शकायची नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, फुप्फुसाचं छिद्र बुजलं की बुडबुडे थांबतील. मग पुन्हा फोटो काढायचा आणि सगळं ठीक दिसलं तर नळी काढायची.

सिस्टरांनीही पुष्कळ सांगितलं. बाटली कायम छातीच्या खाली ठेवायची, कधीच वर उचलायची नाही. नळी अंगाखाली दबू द्यायची नाही, तिला पीळ पडू द्यायचा नाही. दर तासाला खोल श्वास घ्यायचा आणि कुशीला उशी दाबून खोकायचं. मी मान हलवत होते, पण कान माझे तिकडे नव्हते. मी डोळे मिटून जप करत होते. ज्याने श्वास दिला तो पुढचंही बघेल, असं मला वाटत होतं.

तीन दिवस गेले. बुडबुडे काही थांबेनात. मी खोकले की चळकन येत, नुसती बोलले तरी येत. हे सकाळी डबा आणायचे, बाकावर बसायचे, वर्तमानपत्र वाचायचे, संध्याकाळी जायचे. मुलगा चाकणला कंपनीत असतो, त्याला सुट्टी मिळेना. तसं काही वाईट नव्हतं. माझं सगळं वेळेवर होत होतं.

चौथ्या दिवशी शेजारच्या खाटेवर कमलताईंना आणलं. बेडशाच्या. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान असतील. मळवलीला एका बंगल्याची देखभाल त्या आणि त्यांचे मालक, नवरा-बायको मिळून, करायचे. शिडीवर चढून जाळी काढताना पडल्या, दोन बरगड्या मोडल्या, आणि बरगडीचं टोक लागून त्यांच्याही फुप्फुसाला छिद्र पडलं. त्यांनाही नळी घातली. त्यांच्या कपाटावर देवाची तसबीर नव्हती की अंगारा नव्हता. भेटायला येणारी माणसं जय भीम म्हणत, त्याही हात जोडून जय भीम म्हणत. सकाळी उठल्यावर थोडा वेळ डोळे मिटून काहीतरी पुटपुटत, तेवढंच. मी विचारलं तर म्हणाल्या, "वंदना म्हनते. मागत काय न्हाई कुनाकडं."

सिस्टरांनी जेव्हा त्यांना नळीचं समजावलं, तेव्हा त्या एकेक गोष्ट तीनतीनदा विचारत होत्या. बाटली किती खाली? पानी का हलतंय? आणि नळी निसटली तर? सिस्टर म्हणाल्या, निसटली तर घाबरायचं नाही, छातीकडून आलेलं टोक लगेच पाण्यात बुडवायचं आणि आम्हाला हाक मारायची. दोन्ही खाटांच्या डोक्याशी सलाईनची एकेक बंद बाटली ठेवली होती, ती त्याचसाठी. मला तेव्हा त्या चौकशांचा कंटाळा आला होता.

आणि मग मला दिसायला लागलं. त्यांचे मालक सकाळी यायचे आणि आल्या आल्या त्यांचे केस विंचरायचे. पुरुषमाणूस, सगळ्यांसमोर, खोबरेल लावून, गुंता हळूच सोडवून. भाकरी दुधात कुस्करून भरवायचे. मुलगी यायची, तिला महिन्याभराची लेक होती. त्या तान्हीचं नाव ठेवायचा कार्यक्रम येत्या रविवारी बेडशाच्या विहारात होता, आणि आजी तोवर घरी येणार की नाही यावर सगळी चेष्टा चालायची. हसलं की कमलताईंची बरगडी दुखायची, तरी त्या हसायच्या. मी डोळे मिटून पडायचे. आमच्या यांनी माझ्या केसांना आयुष्यात कधी हात लावला नव्हता. आणि मला ते कधी जाणवलंही नव्हतं, त्या दवाखान्यात येईपर्यंत.

पण खरा हेवा केसांचा नव्हता, बाटलीचा होता. दोन खाटांच्या मध्ये खाली दोन बाटल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी त्यांचे बुडबुडे कमी झाले. त्या खोकल्या तरच एखाददुसरा यायचा. माझ्या बाटलीत मात्र उकळी फुटल्यासारखं चालू. डॉक्टरीणबाई त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, छान, आणि माझ्याकडे बघून नुसत्या म्हणाल्या, बघू. मी माझ्या कपाटावरच्या दत्ताच्या तसबिरीकडे बघितलं. तीस वर्षांहून जास्त मी तुझं केलं, आणि ही तुझ्याकडे काही मागतसुद्धा नाही. तिचं बुजतं आहे आणि माझं उघडं आहे. हा कुठला न्याय?

त्याच दुपारी ते झालं. कमलताई औषधाच्या गुंगीत होत्या आणि झोपेत कुशीवर वळल्या. त्यांची नळी खाटेच्या लोखंडी कडेत आणि त्यांच्या मांडीखाली सापडून चेपली गेली. मी माळ हातात घेऊन बसले होते. आधी मला एवढंच दिसलं, की त्यांच्या नळीतलं पाणी श्वासाबरोबर वर-खाली व्हायचं, ते एकदम थांबलं. मनात आलं, झाल्या वाटतं या बऱ्या. मग नजर वर गेली आणि चेपलेली नळी दिसली. मला कळलं. मी कितीही डोळे मिटून बसले असले तरी नळी दबू द्यायची नाही एवढं माझ्या कानात शिरलं होतं. हाक मारायला तोंड उघडायचं होतं, बस. मी उघडलं नाही. मी पुढचा मणी ओढला. त्यानंतरचा ओढला. माझ्या मनात त्यांनी मरावं असं नव्हतं, हे मी देवासमोर सांगते. त्यांना फक्त थोडं मागे पडू दे, एवढंच होतं. पण असं म्हणून मी ते लहान करू शकत नाही. दत्ताचं नाव घेत घेत मी अर्धी माळ ओढली, आणि त्या बाई धापा टाकायला लागल्या.

सिस्टर ताप बघायला आल्या म्हणून निभावलं. त्यांनी एका नजरेत ओळखलं, कमलताईंना उताणं केलं, नळी मोकळी केली. बाटलीत भसाभसा हवा आली. कमलताईंचे ओठ काळसर झाले होते, ते हळूहळू परत रंगाला आले. सिस्टर माझ्याकडे वळून म्हणाल्या, बाई, तुम्ही इथेच होतात ना, तुम्हाला दिसलं नाही? मी म्हणाले, मी जपाला बसले होते. त्यावर कमलताईंनी हात हलवून सिस्टरांना गप्प केलं. अजून नीट बोलता येत नव्हतं त्यांना. "असू द्या. देवाचं नाव घेत व्हत्या त्या." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ताई, माझ्या वाटचे बी दोन मनी वढा." त्यात टोमणा नव्हता. मी माळ उशीखाली ठेवली. त्यानंतर दोन दिवस मला ती हातात घेता आली नाही.

एवढं होऊनही हेवा गेला नाही, हे त्याहून वाईट. दोन दिवसांनी त्यांचे बुडबुडे पूर्ण थांबले. शुक्रवारी सकाळी फोटो काढला, फुप्फुस भरलं होतं, संध्याकाळी नळी काढू असं ठरलं. म्हणजे रविवारी त्या नातीचं नाव ठेवायला जाणार. त्यांच्या मालकांनी तर दवाखाना झाडणाऱ्या मामींनाही आमंत्रण देऊन टाकलं. माझा आठ दिवस होऊनही तोच प्रकार होता. डॉक्टरीणबाईंनी यांना बाहेर बोलावून सांगितलं, छातीत एक औषध सोडून बघू, नाहीतर पुण्याला नेऊन ऑपरेशन करावं लागेल. कमलताई बाटली हातात धरून व्हरांड्यात एकट्या दोन फेऱ्या मारून आल्या होत्या आणि सिस्टरांनी त्यांचं कौतुक केलं होतं. मला बजावलं होतं, तुम्ही कुणाला तरी बरोबर घेतल्याशिवाय उठायचं नाही.

दुपारी हे जेवायला खाली गेले आणि मी उठले. कशासाठी? काही कारण नव्हतं. मलाही जमतं एवढंच दाखवायचं होतं, कुणाला ते देव जाणे. वाकून बाटली उजव्या हातात घेतली, उभी राहिले, दोन पावलं टाकली. नळीचा वेढा खाटेच्या कडेला अडकला होता तो मी बघितलाच नाही. हिसका बसला, नळी बाटलीपासून निसटली आणि हवा सूं करून आत ओढली गेली. तो आवाज मी अजून विसरले नाही. छातीवर कुणी जातं ठेवावं तसं झालं. मी खाटेच्या कडेवर बसले की पडले, आठवत नाही. हाक मारायला आवाज नव्हता. आणि ज्या नावाचा मी जन्मभर जप केला, ते नाव त्या क्षणी आलं नाही. मनातसुद्धा आलं नाही. घाबरलेल्या जनावरासारखी मी नुसती तोंड उघडत होते.

कमलताई मोडलेल्या बरगड्यांनिशी खाटेवरून उतरल्या. स्वतःची बाटली खाली होती तिथेच राहू दिली. त्यांच्या नळीला ताण बसत होता, तरी त्या तशाच माझ्यापुढे जमिनीवर गुडघ्यांवर बसल्या. माझ्या डोक्याशी ठेवलेली सलाईनची बंद बाटली घेतली, तिचं टोपण दातांनी पिळून तोडलं, माझ्या नळीचं सुटलेलं टोक शोधून त्या पाण्यात बुडवलं आणि बाटली जमिनीला टेकवून धरली. एवढं झाल्यावर त्यांनी सिस्टरांना हाक मारली. सिस्टर पलीकडच्या वॉर्डात होत्या, त्यांना यायला वेळ लागला. तेवढा वेळ कमलताई वर माझ्याकडे बघत होत्या. "सोडा ताई, श्वास सोडा. पयला सोडा, मंग घ्या. माज्याकडं बगा." मी सोडला. पाण्यात बुडबुडे आले. पुन्हा सोडला, पुन्हा आले. त्या पाण्यातून माझी मरणाची हवा बाहेर पडत होती, आणि ज्यांच्या हातात ती बाटली होती त्यांच्या कपाळावर घाम आला होता, वेदनेचा.

सिस्टर आल्या, नवी बाटली जोडली, डॉक्टरीणबाई धावत आल्या. मी वाचले. संध्याकाळी कमलताईंची नळी काढायला डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा त्यांच्या बाटलीत पुन्हा बुडबुडे येत होते. वाकल्यामुळे, ताणामुळे, कशामुळे ते नक्की सांगता येणार नाही असं त्या म्हणाल्या. नळी राहिली. रविवारचा कार्यक्रम पुढे ढकलला. त्यांच्या मालकांचा चेहरा उतरला होता, पण माझ्याकडे बघून ते एक शब्द बोलले नाहीत. मुलगी थोडी रडली. मी हात जोडून कमलताईंना म्हणाले, माझ्या देवानेच तुम्हाला पाठवलं. त्या म्हणाल्या, "देवानं कशाला? शिस्टरनं सांगितलं व्हतं, ते ध्यान दिऊन आयकलं म्या."

दुसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. हे खाली गेले होते, त्यांचे मालक अजून यायचे होते. मी म्हणाले, "कमलताई, सोमवारी तुमची नळी दबली होती, ती मला दिसली होती."

"कवा?"

"सिस्टर यायच्या आधी. बऱ्याच आधी."

"आन् तुमी माळ वढत बसला?"

मी हो म्हणाले. त्या मान वळवून भिंतीकडे बघत राहिल्या. त्या दिवशी त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांनी मालकांना काही सांगितलं नसावं, कारण मालकांनी संध्याकाळी नेहमीसारखी मलाही मोसंब्याची फोड दिली. ती मी तशीच कपाटावर ठेवली. त्या दिवशी मी पहिल्यांदा देवाकडे काही मागितलं नाही. माझी बाटली, माझं छिद्र, पुण्याचं ऑपरेशन, सगळं आपोआप मागे पडलं. या बाईंच्या बाटलीतली हवा थांबू दे, असंही मागायचं तोंड मला राहिलं नव्हतं. मी फक्त बसून राहिले. तुला जे दिसतंय तेच मी आहे, याहून वेगळं काही मी आजवर दाखवत आले ते खोटं होतं, एवढंच म्हणत होते. माझ्या आयुष्यातली खरी प्रार्थना तेवढीच असेल.

सकाळी सिस्टर कमलताईंना फेऱ्या मारायला सांगून गेल्या. त्या सावकाश उठून बसल्या. खाली बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ताई, माझी बाटली धरता का जरा? वाकाया येत न्हाई मला."

मी उठले. आमचे हे नेमके आले होते, त्यांनी माझी बाटली घेतली, आणि मी कमलताईंची दोन्ही हातांत धरली. "खाली धरा, बरं का," त्या म्हणाल्या. मी गुडघ्याशी धरली. आम्ही तिघं व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेलो, पाऊल पाऊल. नळीतलं पाणी त्यांच्या श्वासाबरोबर वर यायचं, खाली जायचं. माझी नजर त्यावरून हलली नाही. परत येताना त्या हळूच म्हणाल्या, "राग हाय मला तुमचा. जाईल कवातरी. पर बाटली कुनीतरी धराया पायजेच की."

मी म्हणाले, राहू दे राग. आमच्या यांनी कसला राग म्हणून विचारलं, तर त्या म्हणाल्या, बायकांचं असतंय.

सोमवारी माझ्या छातीत नळीतून ते औषध सोडलं. फुप्फुस आतल्या बाजूने बरगड्यांना चिकटावं आणि छिद्र बुजावं म्हणून ते देतात. दोन तास आग आग झाली. त्या आगीत मला दत्ताचं नाव आठवत होतं, पण ते मी काही मिळावं म्हणून घेत नव्हते. मुलाला दुखलं की ते आईचं नाव घेतं, तसं येत होतं. मंगळवार गेला. बुधवारी सकाळी मी चहा पीत होते आणि बाटलीकडे बघायचंही माझ्या ध्यानात नव्हतं. कमलताई एकदम म्हणाल्या, "ताई, तुमच्या बाटलीत बगा." मी बघितलं. पाणी शांत होतं. "खोका बरं," त्या म्हणाल्या. मी उशी दाबून खोकले. पाणी हललं, पण बुडबुडा आला नाही. कमलताईंनी टाळी वाजवली आणि बरगडी धरून कण्हल्या. त्या सकाळपासून माझी बाटली बघत होत्या. मी आठवडाभर त्यांची जशी बघत होते, तशीच. फक्त मनात वेगळं होतं.

त्यांचेही बुडबुडे थांबले होते, गुरुवारी त्यांची नळी काढली. खोल श्वास घेऊन धरायला लावलं, टाका सैल केला आणि एका झटक्यात ओढली. शुक्रवारी त्या घरी निघाल्या. मला अजून दोन दिवस होते. मालकांनी पिशव्या भरल्या, मुलीने तान्हीला आणलं होतं, सगळे उभे होते, आणि इतकं सगळं होऊनही माझ्या छातीत ते ओळखीचं टोचलं. या वेळी मी ते गिळलं नाही. म्हणाले, "कमलताई, अजूनही तुमचा हेवा वाटतो मला."

त्या हसल्या. "वाटू द्या की. मला बी तुमचा वाटायचा. तुमाला खिडकीची खाट, आन् मला भित."

मी वळून बघितलं. पंधरा दिवस मी त्या खिडकीला पाठ करून पडले होते. बाहेर लोहगड दिसत होता, उन्हात.

नातीचं नाव मी घरी आल्यानंतरच्या रविवारी ठेवलं. आम्ही दोघं बेडशाला गेलो. विहारात सगळी माणसं एका सुरात म्हणत होती, मला शब्द येत नव्हते, मी हात जोडून मागे बसले. कमलताईंचा राग गेला की नाही, ते मी विचारलं नाही. त्यांनी मला जेवायला आपल्या शेजारी बसवलं आणि ताटात दोनदा खीर वाढली.

मला वाचवलं ते कुणी, यावर मी आता वाद घालत नाही. कमलताई म्हणतात सिस्टरांनी. सिस्टर म्हणतात कमलताईंनी. माझं मन दत्ताकडे जातं, त्याला मी अडवत नाही. पण शरण जाणं म्हणजे आपल्याला हवं ते त्याच्यावर सोपवून वाट बघणं, असं मी बायकांना इतकी वर्षं सांगत होते, ते मला आता अपुरं वाटतं. कुणाला द्यायचं, कधी द्यायचं आणि कुणाच्या हातून द्यायचं, हेही त्याच्यावर सोडावं लागतं, आणि तेच फार अवघड आहे. मला अजून ते पुरतं जमलेलं नाही. देवळात नव्याने यायला लागलेल्या एका सुनेचा आवाज माझ्यापेक्षा गोड आहे, पोथी आता तीच वाचते, आणि ती वाचायला लागली की माझ्या आत काहीतरी कुरतडतं. पूर्वी ते मी देवापासूनही लपवायची. आता पादुकांवर फूल वाहताना त्याच्याबरोबर तेही ठेवते आणि म्हणते, हे माझंच आहे, घे. मग मागे जाऊन बसते आणि तिचं वाचन ऐकते.